सरांच्या भिंतीवरचा हवालदार

आमच्या ड्रॉइंगच्या सरांच्या खिशात पेन नसायचं, ओळंबा असायचा. भिंत सरळ उभी आहे का हे बघायला गवंडी दोरीला लोखंडी वजन बांधून सोडतात, तो. ज्या घरी जातील तिथल्या चौकटीला ते आधी ओळंबा लावायचे आणि मग पाणी घ्यायचे. माझ्या घराच्या वास्तुशांतीला आले तेव्हा भटजी आहुत्या टाकत होते आणि सर देवघराच्या दाराशी एक डोळा मिटून उभे होते. "अर्धा सूत आत कललंय," ते मला म्हणाले. "ऱ्हायला हरकत न्हाई. पर मला हितं जेवण जाणार न्हाई." आणि खरंच जेवले नाहीत. माझी बायको अजूनही त्या दारातून जाताना अंग जरा तिरकं करून जाते.

एकाच शाळेत ते चित्रकला शिकवायचे आणि मी मराठी. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारीशेजारी होत्या, त्यामुळे त्यांनी केलेले अपमान सगळ्यात जास्त माझ्याच कानावर पडलेत. हात ताठ पुढे करायचा, मुठीत पेन्सिल उभी धरायची आणि अंगठा वरखाली सरकवत समोरच्याचं माप घ्यायचं, ही त्यांची नमस्कार करायची पद्धत. एकदा मुख्याध्यापकांनी शिस्तीवर तासभर भाषण ठोकलं. सर पहिल्या रांगेत, पेन्सिल डोळ्यासमोर धरून. इतकं लक्ष देऊन कुणीतरी ऐकतंय म्हणून मुख्याध्यापक खूष झाले आणि शेवटी त्यांनी विचारलं, "काय सर, कसं झालं?" सर म्हणाले, "डोकं धडाला बारकं पडतंय."

सख्ख्या पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले तिथेही हेच. पोह्यांची बशी हातात घेतली आणि मुलीच्या बापाला म्हणाले, "बाकी सगळं झकास हाय. डावा कान तेवढा दोन सूत वर हाय." लग्न बशीतच मोडलं. पुतण्याला मुलगी मनापासून आवडली होती. तो काकांशी आजही बोलत नाही.

एका सहकाऱ्याचे वडील वारले म्हणून आम्ही दोघं भेटायला गेलो. हार घातलेल्या फोटोसमोर सर बराच वेळ हलेनात. त्यांना गहिवरून आलंय असं वाटून मुलाच्याही डोळ्यांत पाणी आलं. सर हळूच म्हणाले, "ही मान तुझ्या वडिलांची न्हवं." खरं होतं ते. जन्मभर धोतर नेसलेल्या म्हाताऱ्याचं डोकं फोटोवाल्यानं कुणाच्या तरी कोट-टायवर बसवून दिलं होतं. पण खरं कुठे बोलायचं याला काही वेळकाळ असते, हे सरांना कुणी कधी शिकवलं नव्हतं. त्या घरात दहाव्यापर्यंत मानेचीच चर्चा चालू राहिली.

सरांचा धर्म एकच. डोळ्यासमोर नाही ते काढायचं नाही. फोटोवरून नाही आणि आठवणीतून तर मुळीच नाही. त्यांचं आजोळ औंधचं. लहानपणी तिथल्या संग्रहालयातली चित्रं बघून आपले डोळे उघडले असं ते सांगायचे. आमचं मत असं, की उघडले ते नंतर मिटायलाच विसरले. ग्रेड परीक्षेला स्मरणचित्राचा एक पेपर असतो. तो विषय ते शिकवायचेच नाहीत. "आठवण म्हंजे खोटी साक्ष," म्हणायचे. आमच्या शाळेची पोरं त्या पेपराला धडाधड आपटायची. पालक भांडायला आले, तर सर त्यांना अभिमानानं सांगायचे, "पोरं खरी निघाली तुमची."

निवृत्तीच्या दिवशी माजी विद्यार्थ्यांनी हौसेनं चौकात त्यांचा फ्लेक्स लावला. सरांचे गाल गुलाबी, मागे जबडा उघडलेला सिंह. सरांनी सत्काराआधी शिडी मागवली, वर चढले, स्वतःच्या गालांवर त्यांचा खरा मातकट रंग चढवला आणि हनुवटीवरचा मस जागेवर आणून ठेवला. सिंहाला मात्र हात लावला नाही. "सिंह मी बघितल्याला न्हाई," खाली उतरून म्हणाले.

आता ते पुण्याला मुलीकडे असतात. तिच्या सोसायटीची लिफ्ट वर जाताना डावीकडे झुकते, अशी त्यांनी तिथल्या सेक्रेटरीकडे लेखी तक्रार केली आहे म्हणे. पण इथून जाण्याआधी त्यांनी एक भिंत रंगवली. त्या भिंतीपायी मी माझ्याच नजरेतून थोडा उतरलो, म्हणून एवढं सगळं लिहायला बसलोय.

एसटी स्टँडसमोर एका जुन्या गोदामाची लांबलचक भिंत आहे. माझ्या लहानपणापासून गावानं ती एकाच कामासाठी वापरली. ते काम करू नये म्हणून तिच्यावर आधी शिव्या लिहिल्या गेल्या आणि मग देवांच्या फरश्या बसल्या. गाव दोन्हींच्या मधली जागा शोधून उभं राहायचं. एक दिवस अचानक गावाला स्वतःचा अभिमान वाटायला लागला. समिती झाली. अध्यक्ष झाले खतांचे मोठे दुकानदार, ज्यांचा चेहरा गावातल्या प्रत्येक फ्लेक्सवर डावीकडून दुसरा असतो. भिंतीवर भलंमोठं चित्र काढायचं ठरलं. चित्राला नाव हवं होतं म्हणून मला समितीत घेतलं. 'आमचं गाव, आमचा अभिमान' हे नाव मी दिलं. त्याबद्दल मला शाल मिळाली. आणि रंगवायला सर होतेच, रिकामे.

अभिमान कशाकशाचा यावर तीन बैठका झाल्या. हळद, द्राक्षं, ऊस, पैलवान, बैल इथपर्यंत एकमत झालं. एकानं जेसीबी सुचवला, कारण त्याच्याकडे दोन होते. पैलवान आधी की बैल आधी यावर दोन गट पडले आणि एक सदस्य चहा न पिता उठून गेला. आमच्याकडे फ्लेक्सवर कुणाचा चेहरा किती मोठा आणि कुणाच्या शेजारी, यावरून भाऊबंदकी पेटते. भिंत म्हणजे समितीला न फाटणारा फ्लेक्सच वाटत होता. खाली 'शुभेच्छुक' म्हणून आपल्या फोटोंची एक ओळ असावी, असाही ठराव आला. सरांनी तो मंजूर केला. म्हणाले, "एकेकानं येऊन चार-चार तास उनात हुबं ऱ्हावा. काढतो." ठराव मागे पडला.

बैलाला मात्र उभं राहावं लागलं. खराखुरा खिलार बैल तीन दिवस एसटी स्टँडसमोर बांधला होता. त्यानं एका प्रवाशाची पिशवी खाल्ली आणि कंट्रोलरच्या खिडकीत तोंड घातलं. सर मालकाला म्हणाले, "बैल तुमचा चकणा हाय," आणि भिंतीवर तो तसाच चकणा उतरला. हळदवालीसाठी मंडईतल्या एका बाईंना उभं केलं, तर त्या उभ्याउभ्या वांगी विकत राहिल्या. चित्रातही नीट बघितलं तर त्यांचं लक्ष गिऱ्हाइकाकडेच आहे.

राहिला सैनिक. अध्यक्षांनी आधीच बजावलं होतं, "मधोमध सैनिक पायजे, सर. सगळ्यांच्या वर. आपल्याकडं घराघरातनं माणूस मिल्ट्रीत गेल्याला हाय. त्यो खरा अभिमान." सरांनी गावातल्या निवृत्त फौजींना एकेक करून भिंतीसमोर उभं केलं. एकाचा फोन थांबेना. दुसऱ्यानं दहा मिनिटांत खुर्ची मागितली. तिसरे सुभेदार होते, ते हात हलवून लढाया सांगायला लागले आणि सरांनी त्यांना हात जोडून घरी पाठवलं. मग स्टँडजवळच्या बँकेच्या दारात रखवालदार म्हणून उभे असणारे एक निवृत्त हवालदार सरांच्या नजरेला पडले. कुंडलच्या बाजूच्या एका खेड्यातून ते रोज एसटीनं यायचे. सरांनी पेन्सिल धरून त्यांना अर्धा तास न्याहाळलं आणि माझ्याकडे येऊन म्हणाले, "गड्या, ह्यो मानूस हुबा ऱ्हातो म्हंजे हुबाच ऱ्हातो!"

आपल्या सुट्टीच्या दिवशी हवालदार जुना गणवेश पिशवीत घालून आले आणि चार तास जागचे हलले नाहीत. मी चहा नेला तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, गुरुजी. हुबं ऱ्हायचंच काम केलंय जन्मभर." असे ते पाच-सहा वेळा आले. चेहरा पुरा झाला त्या दिवशी रस्त्यापलीकडे जाऊन त्यांनी तो बघितला. मग मला म्हणाले, "मंडळीला सांगितलंय, तोंड आलंय माझं भिंतीवर. गुडघ्यानं तिला लय चालवत न्हाई. पर बाजारादिवशी येती म्हणाली बघायला."

दुसऱ्या दिवशी समिती आली. अध्यक्षांनी मान वर केली आणि मिशीपासून बुटापर्यंत सगळ्याचं तोंड भरून कौतुक केलं. "काय रुबाब हाय! कुणाला हुबं केलतं वो, सर?" सरांनी सांगितलं. अध्यक्षांची मान खाली आली. एकानं खाकरून घेतलं. मग अध्यक्ष म्हणाले, "तसं चांगलंय. पर नाक जरा... कसंतरी वाटतंय न्हाई?"

यात सरांना नाकाशिवाय काही ऐकू येणं शक्य नव्हतं. त्यांनी बँकेतून हवालदारांना बोलावून घेतलं, भर रस्त्यात दोरीनं त्यांचं नाक मापलं, कपाळ मापलं, कान मापला आणि परांचीवर चढून भिंतीवरच्या चेहऱ्याची मापं ओरडून सांगितली. "नाक कपाळाएवढं! कान नाकाएवढा! हितं बी तसंच हाय!" हवालदार बँकेच्या निळ्या गणवेशात सावधान उभे होते. त्यांचा चेहरा वाचणं मला जमलं नाही. खरं म्हणजे मी त्यांच्याकडे बघायचंच टाळलं.

"रंग तरी जरा उजळ घ्या," दुसरा सदस्य म्हणाला. "गावचा सैनिक जरा तेजस्वी पायजे." सर खाली आले, रंगाच्या वाट्या घेऊन. अध्यक्षांचा हात हवालदारांच्या हाताशेजारी धरला आणि दोघांच्या मनगटांवर रंगाचे ठिपके देत जुळवत बसले. अध्यक्ष बरेच जास्त काळे निघाले. "तुमाला हुबं केलं तर आणखी गडद घ्यावा लागंल," सर म्हणाले. सर खरंच इतके भोळे होते की बेरकी, हे मला आजवर कळलेलं नाही. अध्यक्षांनी मनगट रुमालानं पुसलं आणि शेवटचं कारण काढलं, की हवालदार मूळचे आपल्या गावचे नाहीत. "बैल तरी कुठं हाय?" सर म्हणाले. "त्यो तर कर्नाटकातनं आणलाय."

तिथे जे कुणीच बोललं नाही, ते मी सांगतो. हवालदार बौद्ध होते. गावाला सैनिकाचा अभिमान होताच, पण गावाच्या मधोमध, पैलवानाच्या आणि बैलाच्याही वर, त्यांचा चेहरा नको होता. एवढं साधं वाक्य उघड म्हणायची कुणाची छाती नव्हती, म्हणून नाकापासून मनगटापर्यंत सगळं मापून झालं. मी तिथेच होतो. मी काय केलं? शाल पांघरून गप्प बसलो.

संध्याकाळी अध्यक्ष माझ्या घरी आले. "गुरुजी, सर तुमचं ऐकत्यात. तुमी कायतरी शब्द जुळवा. न्हाईतर अख्खी भिंत पांढरी करावी लागंल." सरांचे पाच महिने त्या भिंतीत गेले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हाताला एवढी जागा मिळाली होती. मी भिंत वाचवायला जातोय असं मी बायकोला सांगितलं. ती तिरकी होऊन आत गेली.

वाईट गोष्ट चांगल्या शब्दांत मांडणं हे मराठीच्या शिक्षकाला शिकवावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी मी परांचीखाली उभा राहून म्हणालो, "सर, सैनिकाचं तोंड सीमेकडं असतं. गावाकडं त्याची पाठ असते, म्हणून गाव निवांत झोपतं." वाक्य मलाही आवडलं. सर ब्रश थांबवून विचारात पडले. सूर्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. "भिंतीचं तोंड दक्षिणेला हाय," ते म्हणाले. "म्हंजे आत्ता हा बघतोय कर्नाटकाकडं. आणि कर्नाटकाशी काय आपली लढाई न्हाई." मी म्हणालो, नाही. "मग चूक हाय ही," सर म्हणाले. त्याच दुपारी त्यांनी तो चेहरा पांढऱ्या रंगानं बुजवला. मला वाटलं होतं त्यापेक्षा फार लवकर बुजला तो.

पण पाठसुद्धा मनानं काढायची नाही! हवालदारांना पुन्हा बोलावलं. सरांनी दिशेचं सगळं शास्त्र त्यांना समजावून सांगितलं. ते माझ्याकडे बघत ऐकत होते. त्यांना सगळं कळलं होतं. "पाठ करून हुबं ऱ्हायचं? ऱ्हातो की," एवढंच म्हणाले, आणि बँकेतून सुट्टी घेऊन चार दिवस रस्त्याकडे, स्टँडकडे, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

उद्घाटन जोरात झालं. फेटे झाले, भाषणं झाली, सैनिकाच्या त्यागावर बोलताना अध्यक्षांनी दोनदा पाणी मागून घेतलं. हवालदार त्या वेळी बँकेच्या दारात ड्यूटीवर होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी सर परांचीवर चढून भिंतीला वॉर्निश देत होते. मी भाजीची पिशवी घेऊन खाली उभा होतो. कुंडलकडून एसटी आली. तिच्यातून एक बाई गुडघ्यावर हात टेकत उतरल्या. हवालदार अर्ध्या तासाची सवड मागून आले होते. त्यांनी बायकोला घरी काहीच सांगितलेलं नसावं. त्यांनी नुसता हात वर केला आणि म्हणाले, "त्यो मधला."

बाईंनी बघितलं. "आन तोंड कुठंय?"

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं जमीन दुभंगावी. वरून सर म्हणाले, "तोंड पलीकडच्या बाजूला हाय, ताई. उत्तरेकडं."

बाई बघत राहिल्या. मग नवऱ्याकडे न बघताच म्हणाल्या, "तुमचीच पाठ हाय की वो ही." आणि हसल्या, आणि पदर डोळ्याला लावला. "आवं मास्तर, तोंडापरीस हीच मला जास्त वळखीची. सव्वीस वर्सं हीच बघत आले मी. दोन महिनं घरी ऱ्हायचं आन मग हे असं एसटीकडं चालाय लागायचं. कवा वळून बघितलं न्हाई. वळलो तर जाणं व्हायचं न्हाई म्हणायचं." हवालदार पायांकडे बघत होते. "पर मास्तर, येक चुकलंय तुमचं. डावा खांदा असा वर नसायचा. डाव्या हातात ट्रंक असायची. उजवा मोकळा ठेवायचं, एसटीची दांडी धराया."

सरांनी वॉर्निशचा डबा खाली ठेवला. "ट्रंक हाय का अजून?"

"हाय की. ज्वारी भरलीया तिच्यात."

पुढच्या बाजाराला ट्रंक एसटीनं आली, ज्वारी काढून. रिकाम्या ट्रंकेनं खांदा उतरत नाही, असं सरांचं म्हणणं पडलं. गोदामामागे विटा पडल्या होत्या. त्या मी वाहून आणल्या आणि ट्रंकेत रचल्या. दुसरं करण्यासारखं मला काही सुचलं नाही. हवालदार ट्रंक उचलून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. खांदा बरोबर तेवढा खाली आला. बाई शेजारी पायरीवर बसून बघत होत्या.

फौजी माणसाच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात सगळं लिहिलेलं असतं. नंबर, हुद्दा, नाव आणि आडनाव. आमच्याकडे आडनाव वाचलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. सरांनी डोळ्यासमोर होतं ते काढायला घेतलं, अक्षर न अक्षर, भिंतीच्या मापात. एकेक अक्षर हातभर उंच. स्टँडवरची माणसं थांबून वाचायला लागली.

कुणीतरी फोन केला असणार. अध्यक्ष स्कूटरवरून आले आणि स्कूटर तशीच चालू ठेवून वर बघत राहिले. हळद, द्राक्षं, ऊस, पैलवान, चकणा बैल, सगळे जागच्या जागी. आणि मधोमध गावाचा सैनिक, सगळ्यांकडे पाठ करून, ट्रंक घेऊन चाललेला. नावाबद्दल बोलायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण शेजारी पायरीवर बाई बसल्या होत्या आणि हातात ट्रंक घेऊन खुद्द हवालदार उभे होते. शेवटी त्यांनी दुसरंच विचारलं.

"सर, आवं, ह्यो निघाला कुठं?"

"रजा संपली त्याची," सर म्हणाले, आणि आडनावाचं शेवटचं अक्षर रंगवायला घेतलं.